नाही असं धरून

"तुमच्याकडे असं काहीतरी आहे, जे तुम्ही लिहिलेलं नाही."

मारुती मंदिराजवळच्या सायबर कॅफेत मी हे वाक्य वाचलं आणि मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी रेल्वेचं रिझर्वेशन बघत होती आणि तिची आई तिच्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावत "खालचा बर्थ बघ गो, मला नाय चढवत वर" असं म्हणत होती. मेल फिनलंडमधल्या कुणा माणसाची होती. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, पाहणारही नव्हते. मी तयार केलेलं एक पॅकेज त्याच्या मशीनवर बांधलं जात नव्हतं, अर्ध्यात थांबत होतं. माझ्याकडे तर ते व्यवस्थित चालतं, असं मी त्याला आधी कळवलं होतं, त्यावर त्याचं हे उत्तर. त्यात राग नव्हता. आई जाऊन तेव्हा महिना झाला होता आणि मी रजेवर घरी होते. भेटायला आलेल्या माणसांनी त्या महिन्यात पुष्कळ काही म्हटलं होतं, आणि मीही मान हलवत ऐकलं होतं, पण त्यातलं एक वाक्यसुद्धा माझ्याजवळ राहिलं नव्हतं. हे राहिलं. कॅफेतून बाहेर पडले, रिक्षा थांबवली, थिबा पॅलेसकडे चला म्हटलं, सुट्टे पैसे दिले, बाबांच्या घराचं फाटक उघडलं, आणि तेवढा सगळा वेळ ते डोक्यात एका जागी बसून होतं, बोलावल्याशिवाय आलेल्या पाहुण्यासारखं.

ते काम काय होतं हे सांगायला हवं. पुण्यात मी एका कंपनीत नोकरी करायचे, तिथल्या कामाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. हे दुसरं काम सुट्टीच्या दिवसांचं, बिनपगारी. आम्ही जी ऑपरेटिंग सिस्टिम वापरायचो ती दुकानातल्यासारखी तयार मिळत नसे. प्रत्येक प्रोग्रामचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, आणायचा आणि आपल्या मशीनवर आपणच तो बांधून घ्यायचा. कसा बांधायचा, मजकूर कुठून आणायचा, त्याआधी घरात काय काय असायला हवं, हे सगळं एका लहानशा फाइलमध्ये लिहिलेलं असे. त्या फाइली माझ्यासारखी माणसं लिहीत. मी मनातल्या मनात त्यांना कृती म्हणायचे, पुरणपोळीची कृती म्हणतात तसं. माझ्या वाट्याला बाइंडिंग्ज आलेली होती. सी भाषेत लिहिलेली एखादी जुनी, वेगवान, फटकळ लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा साठा, असते. पायथनसारख्या स्क्रिप्टिंगच्या भाषेला तिच्याशी सरळ बोलता येत नाही. बाइंडिंग म्हणजे दोघींच्या मध्ये बसवलेला पातळ थर. इकडचं तिकडे सांगायचं, तिकडचं इकडे. ते नीट चाललं की ते आहे हेच कुणाला कळत नाही. एकदा दिवाळीत आईने विचारलं होतं, "म्हणजे तू नेमकं करतेस काय?" मी हे असंच सांगितलं. ती करंज्यांच्या कडा दाबत ऐकत होती. म्हणाली, "मग मी तुझ्यात नि बाबांच्यात करते तेच की." बाहेरच्या खोलीत बाबांनी पेपर उलटला. त्यांनी ते ऐकलं होतं, मला माहीत होतं. पण त्यांनी काही म्हटलं नाही आणि मीही काही म्हटलं नाही. आमचं असंच होतं. 'बाबांना विचार, आत्ता जेवणार का,' 'मनूला म्हणावं, गाडी सहाची आहे, रेंगाळू नको.' एकाच घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना.

ज्या बाइंडिंगबद्दल त्या माणसाने लिहिलं होतं ते भरती-ओहोटीचं होतं. समुद्राच्या पाण्याची वेळ काढून देणारी एक लायब्ररी होती, तिला पायथनमधून वापरता यावं म्हणून. जगात पाचसहा माणसं ते वापरत असतील. आईचं माहेर बुरोंडीचं. तिचे वडील तिथे पोस्टमास्तर होते आणि ती लहानपणापासून होड्या कधी लागणार ते तिथीवरून सांगायची. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असली की तिनाला भरती, अष्टमी असली की सहाला. मी पहिल्यांदा ते बाइंडिंग बांधलं तेव्हा सुट्टीत घरी आले होते. आईला म्हटलं, तुझ्या हिशोबात पाऊण तासाची चूक आहे. ती म्हणाली, "असेल. तुझ्या मशीनला चंद्र दिसतो का?" तेव्हा मला हसू आलं होतं. आता ती वाक्यं आठवताना मी त्यांच्याकडे लांबून बघत होते. काचेच्या पलीकडे कुणी बोलतं आहे, ओठ हलताहेत.

संध्याकाळी उन्मेषचा डोंबिवलीहून फोन आला. उन्मेष माझा धाकटा भाऊ, पण लग्न होऊन त्याला मुलगा झाला तेव्हापासून तो मोठ्या भावासारखा बोलतो.

"मने, काय ते स्पष्ट सांग. रविवारी मी गाडी घेऊन येतोय. बाबा एकटे राहू शकतील असं तुला वाटत असेल तर तसं सांग, मी भेटून परत जाईन. नसेल तर त्यांना घेऊन येणार, घराला कुलूप. पण मग नंतर कुणी कुरकुर करायची नाही."

"राहतील असं वाटतं."

"वाटतं म्हणजे? त्यांनी जन्मभर पॉलिटेक्निकात लेथ चालवला, कुकर नव्हे. आई मावशीकडे नाशिकला गेली होती तेव्हा सगळे दिवस केळ्यांवर काढले होते त्यांनी. विसरलीस?"

"इतके दिवस ठीक चाललंय सगळं."

"मग लिहून दे," तो म्हणाला आणि हसला. हसून झाल्यावर म्हणाला, "तू म्हणशील ते मी ऐकणार आहे. खरंच. पण नीट बघून सांग. रात्री काही झालं तर हा माणूस शेजाऱ्यांनासुद्धा उठवणार नाही."

बाबा ओटीवर बसून होते. फोनवर काय चाललंय ते त्यांना कळत होतं. ते यावर एकदाच बोलले होते, तेराव्याचे पाहुणे गेले त्या दिवशी, आणि तेही माझ्याकडे न बघता, अंगणातल्या फणसाकडे बघत: "डोंबिवलीच्या गॅलरीतून काय दिसतं? दुसऱ्याची गॅलरी. मला इथून हलवू नका, एवढं सांग त्याला." मध्ये सांगायला कुणी उरलं नव्हतं म्हणून त्यांनी ते मला सांगितलं असावं. मी हो म्हटलं होतं. म्हणजे माझ्या एका हो-नाहीवर एका माणसाचं उरलेलं आयुष्य कुठल्या भिंतीकडे बघत जायचं ते ठरणार होतं. हे मला कळत होतं. पण एखाद्या बधिर बोटाला टाचणी टोचल्यावर कळतं तसं, टोचलंय एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज होती तोवर मी लॅपटॉप उघडला. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. एक रिकामी डिरेक्टरी घ्यायची. तिच्यात अगदी मुळातलं तेवढं ठेवायचं, आणि कृतीत जे जे लिहिलंय तेवढंच आत न्यायचं. मग मशीनला सांगायचं की जग एवढंच आहे. आत गेलेल्या प्रोग्रामला भिंतीपलीकडचं काही दिसत नाही. त्याने आणखी वरच्या डिरेक्टरीत जायचं म्हटलं तरी तो तिथेच येतो. तिथे बांधायला घ्यायचं आणि काय अडतं ते बघत बसायचं. मध्ये हात घालायचा नाही. मी हे आधी केलं नव्हतं, कारण माझ्याकडे ते चालत होतं, आणि ज्याच्याकडे चालतं तो कशाला रिकाम्या खोलीत जाऊन बसेल? पडद्यावरून ओळी सरकत राहिल्या. बांधणी बघणं हे मला नेहमीच आवडायचं, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं. मध्ये एकदा बाबांनी ओटीवरून विचारलं, "मोटार लावलीस काय?" लावलेली होती. मग ओळी थांबल्या. मी ती चूक वाचली. गणिताची एक जुनी लायब्ररी सापडत नव्हती. ती आणायला मी कृतीत कुठेच सांगितलेलं नव्हतं, कारण ती लागते हेच मला माहीत नव्हतं. कधीतरी, दुसऱ्याच कशासाठी तरी, मी ती माझ्या मशीनवर आणून ठेवली होती आणि विसरले होते. बांधताना ती लायब्ररी आजूबाजूला आहे का ते प्रोग्राम आपणहून बघायचा, दिसली की उचलायचा, आणि त्याबद्दल कुणाला काही सांगायचा नाही. आमच्या कामात ही चूक सगळ्यांच्या हातून होते. जे नेहमीच तिथे असतं ते लागतं असं कुणी लिहीत नाही.

मी ती एक ओळ घातली. पुन्हा रिकाम्या खोलीत बांधायला लावलं आणि बाबांच्या गोळ्या काढायला उठले. सकाळच्या चहाबरोबर रक्तदाबाची एक, जेवणानंतर दुसरी. बशीत गोळी ठेवली, शेजारी पाण्याचा पेला. गॅसचं बटण बाबांनी अर्धंच फिरवलं होतं, ते पूर्ण बंद केलं. विहिरीवरच्या मोटारीत हवा धरते म्हणून आधी तांब्याभर पाणी ओतावं लागतं, ते मी सकाळीच ओतलं होतं. दूध कामाला येणाऱ्या सोनूबाईने तापवलं होतं, वरची साय मी काढून ठेवली. आणि तिथे, हातात सायीची वाटी घेऊन, मी थांबले. महिनाभर मी उन्मेषला सांगत होते की बाबांचं ठीक चाललंय. चाललं होतंच. माझ्याकडे चालत होतं.

मला अशा तुलना आवडत नाहीत. वाचताना कुणी माणसाला घड्याळ किंवा झाड केलं की मी पान उलटते. बाबा म्हणजे प्रोग्राम नव्हेत. पण मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि विचार करण्याची ताकद नसते तेव्हा माणूस हाताला सवय असलेलं अवजार उचलतो. घरातून मला स्वतःलाच बाहेर काढायचं होतं. सोनूबाईला मागच्या दारी गाठून सांगितलं की उद्या येऊ नको. ती राख लागलेल्या हातांनी माझ्याकडे बघत राहिली. बाबांना म्हटलं, "उद्या गणपतीपुळ्याला जाऊन येते म्हणते. संध्याकाळ होईल."

"ये जाऊन," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पाणी घेऊन जा बरोबर. तिथे मेले वीस रुपयांस बाटली विकतात."

शुक्रवारी सकाळी एसटी पकडण्याआधी मी कॅफेत जाऊन दुरुस्त केलेली कृती पाठवून दिली. त्या माणसाकडे तेव्हा पहाट असणार, पण तो जागा होता. चहा यावा तेवढ्या वेळात उत्तर आलं: "आता बांधलं गेलं. आभार." एरवी अशा दोन शब्दांवर माझा आठवडा जायचा. मी मेलची खिडकी बंद केली. बसमध्ये पुळ्याला जाणारी माणसं होती, एका बाईच्या मांडीवर नारळांची पिशवी होती. मला देवळात काही काम नव्हतं. आरे-वारेच्या वळणावर किनारा दिसला तशी कंडक्टरला हात केला आणि उतरले. कंडक्टर म्हणाला, "इथे काय आहे? तिकीट पुळ्याचं हाय ना तुमचं?" मी म्हटलं, असू दे.

त्या वाळूत मी दिवसभर बसले. षष्ठी होती. पाणी खूप लांब गेलं होतं आणि ओल्या वाळूवर खेकड्यांनी केलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी होती. उन्मेष आणि मी लहान असताना आई आम्हाला अशा ओहोटीत घेऊन जायची आणि बाबा कडेला, सुरूंच्या सावलीत, चपला सांभाळत बसायचे. त्यांना वाळू पायाला लागलेली चालत नसे. मी त्यांच्याबद्दल काय काय जाणते याचा विचार करायला लागले आणि ते फार लवकर संपलं. पायाला वाळू चालत नाही. आमटीत गूळ जास्त लागतो. आवाज चढवत नाहीत. आईकडून कळलेलं तेवढंच. आता ते काय करत असतील? मोटारीत पाणी ओतायचं त्यांना माहीत आहे का? गॅस चालू राहिला आणि ज्योत विझली तर? मला भीती वाटायला हवी होती. मी उठून रस्त्यावर यायला हवं होतं, मिळेल त्या गाडीला हात करायला हवा होता. मी बसून राहिले. हस्तक्षेप करायचा नाही हे धोरण म्हणून नव्हे, उठणं कुठून सुरू करतात तेच आठवत नव्हतं. आई गेली त्या सकाळीही हेच झालं होतं. पुण्याहून रात्रभर एसटीतून आले, तिच्या उशाशी बसले, आणि कुणीतरी "तिला हाक मार" असं म्हटलं. मी तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिले. हाक कशी मारतात? बायका म्हणाल्या, धक्का बसलाय पोरीला. धक्का बसला नव्हता. मला काहीच कुठे बसलेलं नव्हतं.

दुपार कलली तसं पाणी परत आलं. आईच्या हिशोबाने साडेचाराला पूर्ण भरायला हवं होतं, ते चाराच्या आधीच खडकांवर आदळायला लागलं. त्यात कुणाची सरशी झाली असं मला वाटलं नाही.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. बाबा ओटीवरच होते. धूर नव्हता, वास नव्हता, माणसं जमलेली नव्हती. फाटकाची कडी लावेपर्यंत ते माझ्याकडे बघत होते.

"काय गो, झालं दर्शन?"

"झालं."

"गर्दी होती?"

"फारशी नव्हती."

"आण मग प्रसाद."

माझ्याकडे पाण्याच्या रिकाम्या बाटलीशिवाय काही नव्हतं.

"पुळ्याला जाऊन हात हलवत येणारी तू पहिलीच. काय, गणपतीने बाहेर घालवलंन?" बाबांच्या तोंडून थट्टा ऐकायची मला सवय नव्हती. मी चपला काढत राहिले. "कपाळास कुंकू नाही, हातात नारळ नाही. बरं, सोनूबाई सकाळी दारात येऊन विचारून गेली. ताय बोलली येव नको, काय भांडण झाला काय वो तुमचा? मी म्हटलं, भांडण नाही, माझी परीक्षा आहे. ये. बघ उत्तरपत्रिका."

ते स्वयंपाकघरात गेले, मी मागोमाग. कुकर धुऊन पालथा घातलेला होता. ओटा पुसलेला. गोळ्यांच्या पाकिटातल्या त्या दिवसाच्या दोन्ही जागा फुटलेल्या होत्या. दुधाच्या पातेल्यावर ताटली, ताटलीवर छोटा वरवंटा, मांजरासाठी. हंडे भरलेले. गॅसचं बटण मी बघतेय हे बघून त्यांनी तेही फिरवून दाखवलं, पूर्ण, शेवटच्या टोकापर्यंत.

"कुळथाचं पिठलं केलं. गूळ कमी पडला. तुझ्यासाठी ठेवलं नाही, ते बसत नव्हतं नियमात."

"कुठल्या नियमात?"

बाबा दरवाज्याच्या चौकटीला टेकले. तिथे आईची वेताची खुर्ची असायची, शेवटी शेवटी तिला उभं राहवत नसे म्हणून ती स्वयंपाकघराच्या दारात बसायची, असं बाबा क्रियाकर्माच्या दिवसांत कुणाला तरी सांगत होते. मी धरून चालले होते की ती तिथे बसून त्यांना सांगत असणार, हे करा, ते करा. तसं मी म्हटलं.

"सांगत नव्हती," बाबा म्हणाले. "तेच तर. डॉक्टरने फेब्रुवारीत सांगितलं. त्या रात्री ती रडली असेल तर मला माहीत नाही. सकाळी मला म्हणाली, आजपासून तुम्ही करायचं. मी म्हटलं, तू सांग, मी करतो. तर नाही. खुर्ची घेतलीन, दारात बसली, डोळे मिटलेन. म्हणाली, मी नाहीय असं धरा."

मी हातातली रिकामी बाटली ओट्यावर ठेवली.

"पहिल्या दिवशी दूध उतू गेलं. मी ओरडलो, अगो दूध, दूध. हलली नाही. कुकरमध्ये पाणी घालायला विसरलो, करपल्याचा वास घरभर, तरी डोळे मिटूनच. मला वाटलं झोपली. जवळ जाऊन बघितलं तर पापण्या हलत होत्या. मी रागावलो. खूप बोललो तिला. असं मी कधी बोललो नव्हतो. म्हटलं, एवढी आहेस तोवर तरी आहेस असं राहा की. तरी नाही. माझं जेवून, ताट घासून झालं की मग डोळे उघडायची आणि विचारायची, पोट भरलं का? बस. चुकलं काय ते सांगायची नाही. रोज. दिवाळीच्या आधीपर्यंत रोज, मग तिला बसवेना."

फेब्रुवारीपासून मी घरी आले नव्हते, पण दर रविवारी ती माझ्याशी फोनवर बोलली होती. ॲसिडिटी आहे म्हणाली होती. आंबोशी पाठवते म्हणाली होती. मी तिला माझ्या साहेबाच्या गोष्टी सांगितल्या होत्या आणि ती हसली होती, आणि फोन ठेवून ती जाऊन त्या खुर्चीत बसली असेल. मला राग आला असावा, कारण माझा आवाज मला अनोळखी वाटला.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस."

"आलेच असते ना!"

"मग तू केलं असतंस सगळं," बाबा म्हणाले. "मला काही आलं नसतं." मग पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "मी तिला विचारलं होतं. म्हटलं, माझं केलंस, मनूचं काय? म्हणाली, तिच्यासाठी वेळ पुरणार नाही. ते तुम्ही बघा."

बाहेर कुणाच्या तरी घरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. मी बाहेरच्या खोलीत जाऊन उन्मेषचा नंबर फिरवला. तो घरीच होता, मागे त्याच्या मुलाचा दंगा चालला होता.

"राहतील," मी म्हटलं.

"वाटतं की राहतील?"

"राहतील. मी बघितलंय."

"बरं." मुलाला कुठेतरी पिटाळल्याचा आवाज आला. "मग रविवारी आंब्याच्या कलमांना खत घालून येतो, आलोच आहे तर. आणि तुझी रजा कधी संपतेय?"

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात आले. जे रिक्षात, एसटीत, वाळूत बसून कधी ठरवलं तेही मला माहीत नव्हतं, ते मी बोलले. "बाबा, मी इथेच राहीन म्हणते. नोकरीचं बघता येईल. एकटीने तिकडे जाऊन काय करायचंय?"

बाहेर जाऊन बाबांनी वेताची खुर्ची उचलून आणली. चौकटीत ठेवली, हलते का ते हाताने दाबून बघितलं, जसं त्यांनी वर्कशॉपमध्ये कामाचा तुकडा दाबून बघितला असेल. मग बसले.

"भात कर."

"तुम्ही जेवलात ना?"

"जेवलो. तुझा कर."

"मला भूक नाही."

"नसू दे," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि डोळे मिटले. "मी नाहीय असं धर."

"बाबा, काहीतरीच काय."

डोळे मिटलेलेच.

मी तिथे बराच वेळ उभी होते. ते डोळे उघडतील असं वाटलं. मग वाटलं, लहान मुलांसारखं चाललंय हे, आपण खोलीत निघून जावं. पण खोलीत जायला त्यांची खुर्ची ओलांडावी लागली असती. डबे उघडले. महिनाभर मी याच ओट्यावर स्वयंपाक केला होता, पण तो बाबांसाठी, त्यांच्या वेळेला, त्यांच्या तोंडाला चालेल असा. माझ्यासाठी मी काही शिजवलं होतं असं आठवेना. पुण्यात डबा यायचा. वाटीने तांदूळ घेतले, दोन वाट्या. मग त्या दोन वाट्यांकडे बघत राहिले आणि एक परत डब्यात ओतली. एका माणसाचा भात कसा दिसतो ते मला माहीत नव्हतं. पातेल्याच्या तळाशी एवढासा. पाणी किती ते विचारायला वळले. त्यांच्या पापण्या हलत होत्या. श्वास चालू होता. मी तो मोजला नाही, पण बघितला, वर जाणारा, खाली येणारा. "बाबा," मी म्हटलं. "डोळे उघडा." ते हलले नाहीत. "बाबा, मला नको आहे हे. उघडा डोळे." माझा आवाज भिंतीवर आपटून परत आला. गुडघ्यावरचा त्यांचा हात घट्ट झाला, बोटांची पेरं पांढरी पडली, आणि मला दिसलं की ते त्यांना जड जातंय, आईलाही ते असंच जड गेलं असेल, रोज, दूध उतू जाताना, कुकर करपताना, बाबा ओरडत असताना.

मी पाणी ओतलं. अंदाजाने. गॅस पेटवला. झाकण ठेवलं, ते खडखडायला लागलं तेव्हा अर्धं सरकवलं, मीठ घातलं, थोडं जास्तच पडलं बहुतेक. तिथेच उभी राहिले. भाताचा वास यायला लागला तसा तो बाबांकडेही गेला असेल, पण त्यांनी मान वळवली नाही. ताट घेतलं. ते एकच ताट घेताना हात आपोआप दुसऱ्याकडे गेला, आणि परत आला. भात वाढला, वरून तूप घातलं, आणि मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले, मिटलेल्या डोळ्यांच्या समोर. पहिला घास घेतला. तो निवला आहे का ते मी बघितलं नव्हतं. जीभ पोळली, टाळूपर्यंत, डोळ्यांत पाणी आलं, आणि मी तोंड उघडं टाकून तशीच बसले. ओरडले नाही. बाबा जागचे हलले नाहीत.

मी पाणी प्यायले. पुढच्या घासावर फुंकर घातली, आणि तो खाल्ला.